पांढरे उंदीर पाळायचेत? सांगलीच्या हवेत पहिल्यांदा पाळणाऱ्यांसाठी सगळं पहिल्यापासून

दुकानात काचेच्या पेटीत पांढरे उंदीर दिसले, पोरगं हट्टाला पेटलं, दोन उंदीर खोक्यात घालून घरी आणले, आणि मग रात्री अकरा वाजता फोनाफोनी सुरू होते की आता यांना ठेवायचं कुठं, खायला काय घालायचं, आणि दोघं एकमेकांना चावायलेत ते का. बहुतेक घरांत असंच होतंय. म्हणून जो विचारतो त्याला मी पहिलं हेच सांगतो, पिंजरा आधी आणा, उंदीर नंतर. आठवडाभर रिकामा पिंजरा घरात असू दे, जागा ठरू दे, आणि त्या जागेवर दुपारी तीन वाजता थर्मामीटर ठेवून बघा, कारण आपल्याकडचा एप्रिल-मे या एवढ्याशा जिवाला मांजरापेक्षा जास्त धोक्याचा असतो.

हे उंदीर म्हणजे आपल्या धान्याच्या पोत्यात शिरणाऱ्या उंदराचेच भाऊबंद, पण कित्येक पिढ्या माणसानं पाळून माणसाळलेले. जपानमध्ये अठराव्या शतकातच रंगीबेरंगी उंदीर हौसेनं पाळायचे, इंग्लंडमध्ये तर १८९५ साली उंदीर पाळणाऱ्यांचा नॅशनल माऊस क्लब निघाला. आपल्याकडं दुकानात मिळतात ते जास्त करून पांढरे, लाल डोळ्यांचे. त्या लाल डोळ्यांना झगझगीत उजेड सोसत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आणायच्या आधी घरात बोलून घ्या

उंदराचं आयुष्य दीड ते दोन वर्षं, फार निगा राखली तर अडीच. पोरगं सातवीत असताना आणलेला उंदीर ते नववीत जाईस्तोवर जाणार, हे पोराला आधीच सांगा, लपवू नका. दुसरं म्हणजे हे रात्रीचे प्राणी आहेत, दिवे मालवले की यांचा दिवस उजाडतो, पळायच्या चाकाचा म्हणजे व्हीलचा आवाज, कुरतडायचा आवाज, त्यामुळं ज्याची झोप सावध आहे त्याच्या खोलीत पिंजरा नको.

घरात कोणी गरोदर असेल किंवा कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल (किमो चालू आहे वगैरे) तर आत्ता उंदीर आणूच नका. उंदराच्या लघवीतून एलसीएम नावाचा विषाणू पसरू शकतो, आणि पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो. दमा असलेल्या माणसालाही त्रास होऊ शकतो. बाकीच्यांनी हाताळून झालं की साबणानं हात धुवायचे, उंदराला तोंडाजवळ न्यायचं नाही, एवढं पाळलं तरी पुरे.

आणि शेतात ऊस तोडताना, गहू काढताना सापडलेली गुलाबी पिल्लं पोरं कधीकधी पाळायला म्हणून घेऊन येतात, ते करू नका. डोळे न उघडलेलं पिल्लू रात्रंदिवस दर थोड्या वेळानं दूध मागतं, माणसाच्या हातात ते जगणं अवघड, आणि रानातल्या-गटारीतल्या उंदरांकडून लेप्टोसारखे आजार येतात. पाळायचा तर पाळीव जातीचाच.

दोन माद्या घ्या, तीन घेतल्या तर अजून चांगलं

मादी उंदराला एकटं करमत नाही. माद्या एकत्र झोपतात, एकमेकींची अंगं चाटतात, भांडण फारसं होत नाही. नरांचं उलटं. दोन नर लहानपणी बरे राहतात, पण दीड-दोन महिन्यांचे झाले की एकमेकांचं शेपूट, पाठ, खालचा भाग चावून रक्तबंबाळ करतात, सख्खे भाऊ असले तरीसुद्धा. नर पाळायचाच असेल तर एकटा पाळा आणि त्याला रोज जास्त वेळ द्या. नराच्या लघवीचा वासही लय उग्र असतो, पिंजरा धुतला की तो लगेच परत खुणा करत सुटतो. पहिल्यांदा पाळणाऱ्याला म्हणूनच मी माद्या सांगतो.

नर-मादीची जोडी मात्र नको. दुकानदार हौसेनं "जोडी न्या" म्हणतात. मादीची गाभण राहायची मुदत १९ ते २१ दिवस, एका वेताला सहा-आठ पिल्लं सहज, दहा-बारा पण होतात, आणि व्यायल्यावर चोवीस तासांच्या आतच ती परत गाभण राहू शकते. पिल्लं पाच-सहा आठवड्यांत स्वतः वयात येतात. हिशोब तुम्हीच करा आणि मग एवढी पिल्लं कुणाला देणार तेही बघा.

नर-मादी ओळखायला दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. उंदीर तळहातावर घेऊन, शेपटाच्या बुडाला हलकं धरून मागचा भाग बघा. लघवीची जागा आणि शीची जागा यांच्यातलं अंतर मादीत अगदी कमी असतं, नरात जवळजवळ दुप्पट, आणि मोठ्या नराच्या गोट्या तर सरळ दिसतात. शंका असली तर दोन-तीन उंदीर शेजारी धरून तुलना करा, लगेच कळतं. सगळे एकाच पेटीत ठेवलेले असतील तर मादी आधीच गाभण असू शकते, तेव्हा घरी आणल्यावर तीन आठवडे पोटावर लक्ष ठेवा.

दुकान निवडताना नाक वापरा. पेटीतून डोळे चुरचुरतील असा अमोनियाचा वास येत असेल तर तिथले उंदीर श्वासाच्या आजारानं अर्धे आजारी असणार. डोळे टपोरे, नाक कोरडं, केस अंगाला चापून बसलेले, हात घातला की चटकन पळणारा, असा उंदीर घ्या. कोपऱ्यात पाठ वाकवून, केस फुलवून बसलेला दिसला की दया येते, पण पहिल्यांदा पाळणाऱ्यानं तो घेऊ नये. २०१८ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणं पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते, ती आहे का हे बिनधास्त विचारा.

पिंजरा

दोन-तीन माद्यांना कमीत कमी दोन फूट लांब आणि सव्वा-दीड फूट रुंद जागा पाहिजे. बाजारात हॅमस्टरचे म्हणून रंगीत पिंजरे मिळतात, त्यातले बरेच लहान असतात आणि गजांमधली फट मोठी असते. साधी पेन्सिल गजातून आरपार गेली तर लहान उंदीर पण जाणार, हे सोपं माप आहे. जिथं डोकं शिरतं तिथं सगळं अंग शिरतं.

मला विचाराल तर झाकणवाला मोठा प्लास्टिकचा टब आणा, झाकणाला आणि दोन बाजूंना मोठ्या खिडक्या कापा आणि त्याला पाव इंची वेल्डमेश जाळी नट-बोल्टनं बसवा. गणपती पेठेत हार्डवेअरच्या दुकानात जाळी फुटावर मिळते. अर्धा इंची आणू नका, दुकानदार तीच पुढं करतो. जाळीची टोकं आत वळवू नका, अंगाला लागतात. जुना फिशटँक असला तर पावसाळ्यात-थंडीत चालतो, पण काचेत हवा कोंडते आणि उन्हाळ्यात तो भट्टीसारखा तापतो, म्हणून इथं मी तो सांगत नाही. आणि तळ सपाट पाहिजे, जाळीचा तळ नको, पायाला जखमा होतात.

आत काय लागतं? खाली चार ते सहा इंच बेडिंग (तळाला पसरायचा मऊ थर), कारण उंदराला खणायचं असतं, बोगदे करायचे असतात, वरवर पातळ थर दिला तर तो दिवसभर अस्वस्थ राहतो. वखारीतला भुसा फुकट मिळतो म्हणून लोक पोतं भरून आणतात. तो नको. बारीक धूळ नाकात जाते, आणि पाईन-देवदारासारख्या वासाच्या लाकडातली रसायनं फुफ्फुसाला आणि लिव्हरला त्रास देतात, पॅकिंगची खोकी बऱ्याचदा पाईनचीच असतात. कागदाचं बेडिंग ऑनलाइन मिळतं, नाहीतर श्रेडरमधून काढलेला कोरा किंवा कमी छपाईचा कागद, खाकी कागदाचे तुकडे, पुठ्ठ्याच्या पट्ट्या असं मिसळून घाला. कापूस अजिबात नको, त्याचे तंतू पायाला गुंडाळले जाऊन पाय सुजतो.

लपायला नारळाची करवंटी झकास. कडा घासून गुळगुळीत करा आणि दाराएवढं भोक पाडा. मग एक साधा, बिनवासाचा टिश्यू पिंजऱ्यात टाकून दिवा बारीक करून बघत बसा. मादी येते, वास घेते, कोपरा दातात धरून मागं मागं ओढत करवंटीत नेते, आत बसून पुढच्या दोन पायांनी टिश्यू फिरवत फिरवत त्याच्या पट्ट्या काढते, गिरकी घेत त्या स्वतःभोवती लावते, आणि सकाळी बघाल तर आत गोल घरटं तयार, वरून बंद. ज्या पिंजऱ्यात घरटं नीट बांधलेलं असतं तिथले उंदीर सहसा ठीक असतात, आणि घरटं बांधायचं सोडलं की काहीतरी बिनसलंय असं समजा.

व्हील पाहिजेच, पण भरीव पृष्ठभागाचं आणि निदान आठ इंच व्यासाचं. लहान व्हीलवर पाठ उलटी वाकते आणि तारांच्या व्हीलमध्ये पाय-शेपूट अडकतं. कुरतडायला पुठ्ठ्याच्या नळ्या, अक्रोडाचं टरफल, बिनरंगाचं लाकूड, कारण दात जन्मभर वाढत असतात. पाण्याला नळीच्या तोंडाशी गोळी असलेली बाटली, आणि रोज बोटानं गोळी दाबून पाणी येतंय का बघायचं. बाटली भरलेली दिसते पण गोळी अडकलेली असते, आणि उन्हाळ्यात एक दिवस पाणी नाही मिळालं तर उंदीर जातो.

पिंजरा टेबलावर ठेवा आणि टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, फडताळाचे ठेवायचो तसे. दाण्याच्या वासानं लाल मुंग्या येतात, आणि पिल्लं असतील तर मुंग्या त्यांना सोडत नाहीत.

जागेबद्दल अजून एक, जे कुणी सांगत नाही. घरात उंदीर पळवायचं प्लगमधलं अल्ट्रासॉनिक मशीन असेल तर काढून टाका. आपल्याला ऐकू येत नाही अशा बारीक आवाजावर ते चालतं आणि आपल्या उंदराला ते चोवीस तास ऐकू येतं, यांचे कान ८०-९० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतात. मच्छर कॉइल, धूप, अगरबत्ती, पेस्ट कंट्रोल यातलं काहीच त्या खोलीत नको, यांची फुफ्फुसं एवढीशी असतात. देवघराशेजारी पिंजरा म्हणूनच ठेवू नये. आणि घरात उंदराचं औषध टाकलेलं असेल तर आधी सगळं शोधून उचला, पाळलेला उंदीर कधी ना कधी पिंजऱ्यातून निसटतोच.

खाणं

मुख्य खाणं म्हणजे उंदीर-हॅमस्टरच्या गोळ्या, पाकिटावर प्रोटीन १४ ते १६ टक्के लिहिलेलं बघून घ्या. त्याबरोबर बाजरी, ज्वारी, राळा, ओट्स असं थोडं. नुसत्या धान्यावर ठेवलं तर ते आवडीचं तेवढं वेचून खातात आणि हळूहळू अशक्त होतात. एका उंदराला दिवसाला चार-पाच ग्रॅम खाणं भरपूर झालं. वाटीत ओतण्यापेक्षा बेडिंगमध्ये विखरून टाका, शोधत फिरतात, तोच त्यांचा खेळ. काकडी, गाजर, उकडलेला वाटाणा, बिया काढलेलं सफरचंद नखाएवढं द्या आणि उरलेलं संध्याकाळी काढून टाका. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा कण द्या, पिल्लं पाजणाऱ्या मादीला जास्त.

आपल्याकडं द्राक्षं आणि बेदाणा घरात असतोच, मग पाहुणे पण कौतुकानं देतात. द्राक्ष चार तुकडे करून त्यातला एक, तोही कधीतरी, आणि फवारणी असते म्हणून चांगलं धुऊन. बेदाणा म्हणजे नुसती साखर, तो नको. भडंग तर मुळीच नको, त्यात मीठ, तिखट, लसूण सगळं आहे, साधा चुरमुरा दिला तर चालतो. चॉकलेट, कांदा, लसूण, कच्चा राजमा, फरसाण बंद. शेंगदाणा एखादा चालेल पण खवट किंवा बुरशी आलेला अजिबात नाही, त्या बुरशीतलं विष लिव्हर खातं.

हाताची सवय

आणल्यावर दोन-तीन दिवस हात लावू नका. नुसतं शेजारी बसा, हळू बोला, खाणं घाला. मग तळहातावर ओटचे दाणे ठेवून हात पिंजऱ्यात टेकवून ठेवायचा आणि हलवायचा नाही. पहिल्यांदा मिशा लागतात, मग एक दाणा उचलून पळून जातो, पुढं कधीतरी तिथंच बसून खातो. घाई केली की सगळं परत पहिल्यापासून.

शेपटीनं उचलू नका, टोकाला तर नाहीच नाही, शेपटीची कातडी सोलून निघते. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रयोगशाळेतल्या उंदरांवर हे दाखवून दिलं की शेपटीनं उचललेले उंदीर माणसाला बिचकतात आणि नळीतून किंवा ओंजळीत उचललेले स्वतःहून जवळ येतात. घरी तेच करा. पिंजऱ्यात आडवा ग्लास किंवा पुठ्ठ्याची नळी ठेवायची, उंदीर आपणहून आत शिरतो, दोन्ही तोंडांवर हात धरून उचलायचं आणि दुसऱ्या हाताच्या ओंजळीत सोडायचं. नेहमी खाली बसून, मांडीवर. लहान मुलांच्या हातात उभ्यानं देऊ नका, ती दचकून सोडतात नाहीतर आवळतात.

निसटलाच तर आरडाओरडा नको. दारं बंद, दाराखाली कापड, पंखा बंद, आणि पिंजरा उघडा ठेवून आत खाणं. नाहीतर उभी बादली घ्या, तळाला कापड आणि दाणे, बाहेरून काठापर्यंत पुस्तकांच्या पायऱ्या लावा, रात्रीतून बादलीत सापडतो.

साफसफाईत जास्त उत्साह नको. ओला कोपरा एक-दोन दिवसांनी काढायचा, पूर्ण बेडिंग दोन आठवड्यांनी, आणि तेव्हाही जुन्या घरट्याचा थोडा भाग परत आत ठेवायचा. स्वतःचा वास सगळा गेला की ते घाबरतात आणि जास्त खुणा करतात. फिनेल वापरू नका. उंदराला अंघोळ घालायची नसते.

उन्हाळा

यांना २० ते २४ अंश मानवतं. तिशीच्या वर गेलं की काळजी सुरू करा, आणि आपल्याकडं तर पारा चाळीसच्या आसपास जातो. उंदराला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून गार होणंही जमत नाही, त्यामुळं नुसत्या पंख्याचा त्याला उपयोग नसतो. पत्र्याच्या खाली, गच्चीच्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीत पिंजरा नको. तळमजल्यावरची, आतली, फरशीची खोली निवडा. पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवा, मातीची लहान कुंडी पाण्यात भिजवून उपडी ठेवा, खिडकीला ओलं पोतं लावा. बाटलीत पाण्याचा बर्फ करून, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवून ठेवायची, दुपारी दोन बाटल्या आलटून पालटून. कूलरचा झोत थेट नको. लाईट जाते तेव्हाही चालणारे उपाय हेच, म्हणून एसी असला तरी हे तयार ठेवा.

उंदीर हातपाय पसरून आडवा पडलाय, हनुवटी आणि गळा लाळेनं ओला झालाय, श्वास भराभर चाललाय, असं दिसलं तर उष्माघात आहे. लगेच गार खोलीत न्या, साध्या पाण्यात बोट बुडवून कान, पाय, शेपूट ओलं करा, बर्फाचं पाणी नको. पाणी ओठाला लावा, तोंडात ओतू नका. शुद्धीवर आला तरी डॉक्टरांना दाखवा.

आजार आणि डॉक्टर

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबा ठेवून वजन करा, वहीत लिहा. मोठी मादी २५ ते ४० ग्रॅम असते, त्यात आठवड्यात तीन-चार ग्रॅम कमी झाले म्हणजे काहीतरी आहे. कानाजवळ धरून श्वास ऐका, टिकटिक किंवा घरघर आली तर थांबू नका, श्वासाचा आजार यांच्यात फार पटकन वाढतो. सारखं खाजवणं म्हणजे गोचिडीसारखे बारीक किडे. वय झालेल्या माद्यांना छातीपोटाशी गाठी येतात. दात पिवळे दिसले तर घाबरू नका, ते तसेच असतात. माणसाच्या गोळ्यांचा तुकडा देऊ नका, एवढ्या वजनाला तो मोजून देता येत नाही. जखमेवर हळद दाबायची आपली सवय, पण उंदीर ती चाटतो आणि जखम परत उकरतो. कोमट मिठाच्या पाण्यानं पुसा आणि दाखवायला न्या.

डॉक्टर मात्र आधीच शोधून ठेवा. सगळे पशुवैद्य उंदीर बघत नाहीत, बऱ्याच ठिकाणी गाई-म्हशी आणि कुत्री-मांजरं एवढंच असतं, म्हणून फोन करून स्पष्ट विचारा. पुण्याच्या वाटेवर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथंही आधी चौकशी करून ठेवता येईल.

गणपती, दिवाळी आणि पूर

मिरवणूक दारावरून जाणार असेल, आणि मिरजेतली तर रात्र-रात्र चालते, तर पिंजरा सगळ्यात आतल्या खोलीत न्या, बेडिंग दुप्पट करा आणि पिंजऱ्यावर सुती चादर टाका, हवा राहील अशी. फटाक्यांचंही तेच. नुकती व्यायलेली मादी घाबरली तर पिल्लं टाकते किंवा खाते, त्या दिवसांत तिला कुणी बघायलाही जाऊ नये.

पावसाळ्यात बेडिंग ओलसर राहतं, बुरशी धरतं, तेव्हा रोज हात घालून बघा. आणि नदीकाठच्या भागात राहत असाल तर एक प्रवासाचा डबा कायम तयार ठेवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं हे आपण विसरलो नाही. तुमच्या गल्लीत किती फुटांना पाणी येतं ते तुम्हाला माहीत असतं, त्याच्या बरंच आधी उंदीर हलवा. झाकणाला बारीक भोकं पाडलेला घट्ट डबा, त्यात जुन्या घरट्याचा गोळा, आठ-दहा दिवसांचं कोरडं खाणं वेगळ्या पिशवीत, पाण्याची बाटली काढून ठेवलेली (गाडीत ती गळते आणि सगळं भिजतं) आणि तिच्याऐवजी आत काकडीचे तुकडे. ज्यांच्याकडं जायचं त्यांच्या घरात मांजर आहे का आणि उंदीर आणलेले चालतील का, हे जून महिन्यातच विचारून ठेवा. डबा गाडीत मांडीवर घ्या, डिकीत नको.